पर्जन्यनोंदीच्या प्रोग्रॅमचं डॉक्युमेंटेशन: कुठवर आलं

घरच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवायला आपण जो छोटा पायथन प्रोग्रॅम वापरतो, त्याचं डॉक्युमेंटेशन या पावसाळ्यात मी नव्याने लिहायला घेतलं. डेटा मॉडेलचं, म्हणजे नोंदीत कुठल्या गोष्टी कशा ठेवायच्या याचं प्रकरण पुरं झालं आहे. प्लगइनचं, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून जोडायच्या छोट्या कोडचं बरंचसं लिहून झालंय, पण अजून कोणी ते वापरून पाहिलेलं नाही.

जुनं पान कोडमधून आपोआप तयार व्हायचं. फील्डचं, म्हणजे नोंदीतल्या रकान्याचं नाव, टाइप (आकडा, तारीख वगैरे प्रकार), रिकामं चालेल की नाही, एवढंच त्यात असे. ज्याला कोड वाचता येतो त्याला त्या पानाची गरज नव्हती, आणि ज्याला येत नाही त्याच्या हाती काही लागत नव्हतं. ‘दिनांक’ हेच फील्ड घ्या. टाइप तारीख, हे पान सांगायचं. कुठली तारीख, हे कुठेच नव्हतं. आपल्या सगळ्या नोंदी तर त्यावरच उभ्या आहेत.

हवामान खात्याचं दैनिक पर्जन्यमान सकाळी साडेआठला मोजलं जातं आणि ते आदल्या चोवीस तासांचं असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तो पाऊस या हिशोबाने २६ तारखेच्या खात्यावर पडतो. घरी रात्री बारा ते बारा मोजणाऱ्याकडे त्यातला मोठा भाग २५ ला दिसेल. दोन्ही नोंदी खऱ्या, पण शेजारी ठेवल्या की शिवाजीनगरचं हवामान खात्याचं केंद्र आणि सहकारनगरातलं घर यांच्या पावसात एका दिवसाचा फरक असल्याचा भास होतो. टाइप तपासून हा घोळ सापडणार नाही, कारण दोन्ही तारखा तारीख म्हणून बिनचूक आहेत. तो फक्त नीट लिहिलेल्या वाक्याने टळतो, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आता प्रत्येक फील्डखाली आधी अर्थ येतो, मग एकक, मग रिकाम्या जागेचा अर्थ, आणि शेवटी एक खरीखुरी नोंद. टाइप आहे, पण सगळ्यांत खाली. ‘रिकामं’ या मुद्द्यावर मी मुद्दाम जास्त जागा खर्च केली. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. नन, म्हणजे पायथनमधली रिकामी जागा, याचा अर्थ मोजलंच नाही. नन वगळून महिन्याची बेरीज केली की दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. पावसाचे दिवस मोजताना मात्र तसं नाही: २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, आणि न मोजलेला दिवस कोरडा धरला की जुलैसुद्धा उगाच कोरडा वाटायला लागतो.

सिंहगड रोडला राहणाऱ्या एका काकांना मसुदा वाचायला दिला होता. कोडिंगशी त्यांचा संबंध नाही, पण रोज मोजतात. त्यांनी विचारलं, “मी चार दिवस गावाला गेलो, बाटलीत पाणी साठलं. आल्यावर ते कुठल्या तारखेला लिहू?” मॉडेलमध्ये याचं उत्तर पहिल्यापासून आहे! प्रत्येक नोंदीला ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ अशा दोन वेळा असतात, आणि दिनांक शेवटावरून काढला जातो. चार दिवसांचं पाणी एकच नोंद म्हणून ठेवायचं, चाराने भागायचं नाही. जुन्या पानावरून हे कोणाला कळणं शक्य नव्हतं. काकांचा प्रश्न आता जसाच्या तसा त्या विभागाचा मथळा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण डॉक्युमेंटेशनमधला तो सर्वांत उपयोगी विभाग आहे.

डेटाक्लासबद्दलही, म्हणजे पायथनमध्ये नोंदीचा साचा ठरवायच्या सोयीबद्दलही, एक परिच्छेद घातला. फील्डसमोर ‘फ्लोट’ (दशांश संख्या) लिहिलं म्हणून पायथन ते तपासत नाही, तिथे शब्द भरला तरी डेटाक्लास निमूटपणे ठेवून घेतो. आपली तपासणी वेगळ्या फंक्शनमध्ये आहे आणि ती नेमकं काय नाकारते, उदाहरणार्थ टाइमझोन नसलेली वेळ, ते आता लिहिलेलं आहे. पानावरची सगळी उदाहरणं डॉकटेस्टने, म्हणजे लिहिलेली उदाहरणं चालवून उत्तर जुळतं का पाहणाऱ्या पायथनच्या साधनाने, चालवली जातात. कोड बदलला आणि उदाहरण जुनं राहिलं, तर टेस्ट लगेच फेल होते.

आता प्लगइन. इथे नवखा माणूस सगळ्यात आधी अडतो तो एंट्री पॉइंटवर, म्हणजे प्लगइन कुठे आहे हे प्रोग्रॅमला सांगणाऱ्या ओळीवर. पायप्रोजेक्ट या पॅकेजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओळ लिहिली, प्रोग्रॅम चालवला, तर प्लगइन दिसत नाही आणि एररही येत नाही. एंट्री पॉइंटची माहिती पॅकेज इन्स्टॉल होताना त्याच्या मेटाडेटात (पॅकेजबद्दलच्या माहितीत) लिहिली जाते आणि प्रोग्रॅम तीच वाचतो. एडिटेबल इन्स्टॉल असलं, म्हणजे पॅकेज मूळ कोडच्या फोल्डरलाच जोडलेलं असलं, तर कोडमधले बदल लगेच लागू होतात, पण एंट्री पॉइंटची नवी ओळ पुन्हा इन्स्टॉल केल्याशिवाय दिसत नाही. हे प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला, ठळक अक्षरांत आहे.

त्यापुढे प्रत्येक हुकसाठी, म्हणजे प्रोग्रॅम ठरावीक वेळी बोलावतो त्या प्लगइनमधल्या फंक्शनसाठी, तीन गोष्टी: तो केव्हा बोलावला जातो, त्याच्या हाती काय येतं, त्याने परत काय द्यायचं. उदाहरणासाठी टिपिंग बकेटचं, म्हणजे ठरावीक पाणी भरलं की कलंडणाऱ्या छोट्या बादलीच्या पर्जन्यमापकाचं प्लगइन घेतलं. बकेट एकदा कलंडली की किती पाऊस, हे यंत्रागणिक बदलतं. काहींत ०.२ मिलिमीटर, काहींत ०.२५४, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. हा आकडा कोडमध्ये पक्का करू नये, सेटिंगमधून घ्यावा. शिवाय बरेच लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं, यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ देतात. आपले साडेआठ तिथे पहाटेचे तीन असतात. साध्या मापकासाठी रूपांतराचं छोटं उदाहरण आहे: २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस.

एक नियम मी आग्रहाने घातला आहे. आकडा अवाजवी वाटला तरी प्लगइनने तो टाकून द्यायचा नाही, शंकेची खूण लावून पुढे पाठवायचा. सांताक्रूझला जुलै २००५ मध्ये चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. पाचशेची कमाल मर्यादा घालणाऱ्या प्लगइनने नेमकी तीच नोंद गमावली असती.

जुन्या वह्यांतल्या इंचांसाठीचं प्लगइन आणि फाइलच्या आवृत्त्यांचं पान बाकी आहे. ती दोन्ही छोटी कामं आहेत.

पाषाण किंवा लोहगावकडे कोणाकडे टिपिंग बकेट असेल तर परतीचा पाऊस संपण्याआधी फक्त हे पान समोर ठेवून प्लगइन लिहून पाहा. कोड उघडू नका. जिथे उघडावाच लागला, त्याच्या आधी पानावरची कुठली ओळ वाचत होता तेवढं मला कळवा. त्या ओळीपासून मी दुरुस्तीला बसते.