चिपमंकचं पॅनल: सहापैकी चार भोकं भरली

मागच्या खेपेला आमच्या चिपमंक विमानाच्या पुढच्या पॅनलचा, म्हणजे सहा डायलसाठी सहा भोकं असलेल्या फळीचा, फोटो बघून एका मित्राने विचारलं होतं, "हे विमान आहे की इडलीपात्र?" आता सहापैकी चार भोकांत काटे दिसतात, त्यामुळे हिशेब मांडायला हरकत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या डर्बीतल्या आमच्या गॅरेजात डी हॅविलंड चिपमंक टी.१० या जुन्या प्रशिक्षण विमानाचा पुढचा तुकडा उभा आहे. इंजिन, पंख, शेपूट काही नाही. पुढे विद्यार्थी, मागे शिक्षक, अशी एकामागे एक दोन कॉकपिट फक्त. कॅनडात १९४६ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान पुढे ब्रिटनमध्ये हजारभर बनलं. त्यातली ७३५ रॉयल एअर फोर्सने घेतली, आणि १९९६ पर्यंत कॅडेट पोरं त्यातून हवेत जात होती.

एवढी विमानं बनली म्हणजे सामान पैशाला पासरी मिळेल, असा माझा समज होता. पण चिपमंक अजून बरीच उडतात आणि त्यांनाही हेच सामान लागतं. म्हणून एक पथ्य पाळतो. ज्या वस्तूला उड्डाणयोग्यतेची कागदपत्रं आहेत ती मी घेत नाही, परवडली तरी. ती उडणाऱ्याकडेच जावी. माझं विमान गॅरेजाच्या दाराबाहेरही जाणार नाही. मला मुदत संपलेलं, कागद हरवलेलं, काटा अडकलेलं चालतं, आणि ते स्वस्तही पडतं.

दुसरं पथ्य, आधी क्रमांक आणि मग वस्तू. हे शिकायला मला दोन वर्षं आणि एक चुकीचा एअरस्पीड इंडिकेटर (विमानाचा वेग दाखवणारा डायल) लागला. जुन्या ब्रिटिश उपकरणांवर एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे ब्रिटनच्या हवाई खात्याचा, भांडार क्रमांक असतो. सुरुवातीला ६ए असेल तर उपकरण, ५सी असेल तर स्विच वगैरे विजेचं सामान. पुढे नाटोची तेरा आकडी पद्धत आली. त्यात ६६१० म्हणजे उड्डाणाची उपकरणं, ६६०५ म्हणजे दिशा दाखवणारी, आणि त्यामागचे ९९ म्हणजे ब्रिटन. काही वस्तूंवर दोन्ही क्रमांक असतात, जुना कोरलेला आणि नवा चिकटवलेला. अशी वस्तू हाती आली की मी उगाचच पाच मिनिटं तिच्याकडे बघत बसतो.

आता त्या एअरस्पीड इंडिकेटरची गोष्ट. न्यूअर्क एअर म्युझियममध्ये दरवर्षी जूनमध्ये कॉकपिटवाल्यांचा मेळा भरतो. लोक आपापले कॉकपिट ट्रेलरवर लादून आणतात आणि शेजारी विमानी भंगाराचा बाजार लागतो. पहिल्या वर्षी तिथल्या एका टेबलावर झकास डायल दिसला. युद्धकाळातल्या डायलवर ताशी मैल असतात, चिपमंकला नॉट (ताशी सागरी मैल) हवेत, एवढं मला ठाऊक होतं. यावर नॉट होते. घेतला. घरी येऊन नीट पाहिलं, तर आकडे थेट जेटच्या वेगापर्यंत! चिपमंक आरामात जातं ९० नॉटने. या डायलवर ९० म्हणजे काट्याने झोपेत कूस बदलल्यासारखं. आता तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो आणि बायको त्याला 'नवऱ्याची हुशारी' म्हणते.

यंदा एकाने 'खास चिपमंकचा' म्हणून फ्युएल गेज पुढे केला. मी हसून नको म्हटलं. चिपमंकच्या पॅनलवर फ्युएल गेज नसतोच. दोन्ही पंखांत नऊ-नऊ गॅलनच्या टाक्या असतात, त्यांचे काटे पंखांवरच, आणि वैमानिक मान वळवून ते वाचतो. हे ठाऊक नसलेला माणूस त्या दिवशी नक्कीच फसला असता. दोन वर्षांपूर्वी मीच फसलो असतो.

चार भोकांचा हिशेब असा. खालच्या ओळीतला अल्टिमीटर (उंची दाखवणारा) आणि टर्न-अँड-स्लिप (वळण आणि घसरण दाखवणारा) न्यूअर्कलाच मिळाले. डायरेक्शन गायरो (दिशा दाखवणारा) एका निवृत्त मेकॅनिकने बिस्किटांच्या डब्यातून काढून दिला आणि पैसे घेईना, शेवटी चकलीच्या डब्यावर सौदा मिटला. चौथा, योग्य एअरस्पीड इंडिकेटर, त्या 'हुशारी'नंतर सव्वा वर्षाने.

रेडियमबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन लोक याबाबत फार बेफिकीर दिसतात. जुन्या डायलवरचे आकडे रात्री दिसावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग असे. आता अंधारात ते चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की विषय संपला. पण थकतं ते चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, त्यामुळे ते जसंच्या तसं आहे. काच शाबूत असेल तोवर ठीक. डायल उघडला, रंगाची भुकटी उडाली आणि श्वासातून आत गेली, तर ते प्रकरण भलतंच. मी गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) खिशात घेऊनच बाजारात हिंडतो. काच तडकलेला डायल कितीही देखणा असो, हात लावत नाही. घरी जे आहेत ते हवेशीर कपाटात, मुलांपासून लांब. आणि हे डायल टपालाने मागवू नका. प्रत्यक्ष जाऊन आणा आणि नियम आधी वाचा.

स्क्रूंनी मात्र यंदा खरा घाम काढला. जुन्या ब्रिटिश उपकरणांना बीए या जुन्या ब्रिटिश मापपद्धतीचे आटे असतात. ४ बीए म्हणजे ३.६ मिलिमीटर. दुकानातला चारचा मेट्रिक स्क्रू तिथे जात नाही, आणि जोर लावला की पितळी आट्यांचा चुरा होतो. (विचारू नका कसं कळलं.) होकायंत्राच्या आसपास स्क्रू पितळीच हवेत, लोखंडी असले तर सुई बहकते. माझं विमान कुठेच जाणार नसलं तरी सुई उत्तरेलाच वळली पाहिजे, हा माझा हट्ट.

सगळ्यात आनंदाची वस्तू मात्र पॅनलच्या सहा भोकांतली नाही. हवाई दलाच्या चिपमंकचं इंजिन काडतुसाने सुरू व्हायचं. कॉकपिटमधली कडी ओढली की काडतूस फुटे आणि त्याच्या धक्क्याने जिप्सी मेजर, म्हणजे चिपमंकचं इंजिन, फिरू लागे. पुढे अनेक खाजगी मालकांनी विजेचा स्टार्टर बसवला, आणि कडी-केबल गेली अडगळीत. म्हणजे उडणाऱ्यांची अडगळ ती आमची दिवाळी. एका मालकाला सहज विचारलं, तर म्हणाला, "शेडच्या कोपऱ्यात बघ." होती! गंजाखाली जुना रंगही शिल्लक होता. तो मी घासून काढलेला नाही, काढणारही नाही.

पुण्यातून बाबांचीही मोहीम चालू आहे. रविवारी सकाळी मोबाइलवर माझे फोटो घेऊन ते जुन्या बाजारात फिरतात. परवा फोन आला, "अरे, सापडलं बघ तुझं मीटर! मिलिटरीचं आहे." व्हिडिओवर पाहिलं, तर शक्तिमान ट्रकचं ऑइल प्रेशर मीटर. म्हटलं, "बाबा, हे ट्रकचं आहे." क्षणभर शांतता, मग, "असू दे, दोनशे रुपयांत दिलंय. तुम्ही त्या एचटी-२ चं काही का करत नाही? आपल्या घाटग्यांचं विमान ते."

मुद्दा बिनतोड आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हाताखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आकाराला आलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडालं. तेही खाली पंख असलेलं, एकामागे एक बसायचं, वळणाने चिपमंकच्या चुलतभावासारखं. पण त्याचा तुकडा डर्बीत कुठून आणू?

राहिलेत दोन: आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललंय ते दाखवणारा) आणि रेट-ऑफ-क्लाइंब (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा). होरायझनचा एक पत्ता लागलाय, पण विकणारा फोटोत मागची बाजू दाखवत नाही, म्हणजे क्रमांक वाचता येत नाही. शनिवारी गाडी काढून स्वतःच बघून येतो. काउंटरचे सेल बदलायचेत आधी.