वळणावरचं मिनिट

१९०३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घोड्यांच्या मातीच्या मैदानांवर दोन विक्रम झाले. २० जूनला इंडियानापोलिसला बार्नी ओल्डफील्डने मोटारीतून मैलाचा फेरा ५९.६ सेकंदांत मारला. २४ ऑगस्टला रीडव्हिलला लू डिलन ही घोडी दुडक्या चालीने मैल धावली, दोन मिनिटांत. म्हणजे एवढा धूर, एवढा गोंगाट करून मोटार घोडीच्या जेमतेम दुप्पट!

पण वेग दुप्पट झाला की वळणावरची ओढ चौपट होते, आणि ती वळणं आखलेली घोड्यासाठी. सरळ रस्त्यावर बेल्जियन शर्यतपटू झेनात्झीने १८९९ मध्येच विजेच्या गाडीत ताशी १०५.८८ किलोमीटर गाठले होते. घोडं अडलं होतं ते वळणावरच.

ओल्डफील्डची गाडी हेन्री फोर्ड आणि टॉम कूपर यांनी बांधलेल्या जोडीतली. चार सिलिंडर, जवळपास १९ लिटरचं इंजिन. अंगावर पत्रा नाही, मागे स्प्रिंगा नाहीत, डिफरन्शियलही नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण इथे मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरणार. त्यामुळे एक चाक घासतं आणि गाडी हट्टाने सरळ जाऊ पाहते. डांबरावर हे महागात पडलं असतं. भुसभुशीत मातीवर मागची बाजू घसरवत वळण काढता येतं. स्टिअरिंग म्हणजे सायकलच्या हँडलसारखा दांडा, आणि ओल्डफील्ड होता मूळचा सायकलपटू. तेवढाच ओळखीचा भाग!

घसरण्याची किंमत मात्र घड्याळात मोजावी लागते. मैल मोजलेला असतो आतल्या कठड्यापासून तीन फुटांवरच्या रेषेवर. दोन्ही वळणांवर त्या रेषेच्या दोन मीटर बाहेर राहिलात, तर फेऱ्यात साडेबारा मीटर वाढतात. सेकंदाला २७ मीटरच्या वेगाने ते जवळपास अर्धा सेकंद खातात. ओल्डफील्डच्या हातात मिनिटाखाली उरले होते ०.४ सेकंद. इंजिनाच्या ताकदीचं कौतुक सगळे करतात. मला त्या दोन मीटरांचं जास्त वाटतं.

पाचच आठवड्यांनी न्यूयॉर्कजवळ याँकर्सला त्याने ५५.८ सेकंद नोंदवले. कठडा मात्र सगळीकडे तोच, लाकडी, घोड्याला आत ठेवण्यापुरता. सप्टेंबरात डेट्रॉइटच्या ग्रोस पॉइंट मैदानावर टायर फुटून त्याची गाडी कठड्यातून आरपार गेली. एक प्रेक्षक ठार झाला.