प्रत्यारोपणानंतरही रिपोर्ट पॉझिटिव्ह का राहतो?

सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटून त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाण्याच्या आजाराचे, रुग्ण पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेकडे दिवाळीनंतर अधिक येतात, कारण थंडी पडली की बोटे आधी पांढरी आणि मग निळी पडू लागतात आणि अंगावर काढलेले दुखणे अखेर डॉक्टरांपुढे मांडले जाते. डॉक्टर एएनए, म्हणजे पेशींच्या केंद्रकांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शोधणारी रक्ततपासणी, सांगतात आणि ते रक्त माझ्यापर्यंत पोहोचते. अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली पेशींच्या केंद्रकांत रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सुटे हिरवे बिंदू दिसले आणि विभाजन होणाऱ्या पेशीत तेच बिंदू मधोमध एका पट्टीत आलेले दिसले, की ती सेंट्रोमिअरविरुद्धची, म्हणजे गुणसूत्राच्या जोडभागाविरुद्धची, प्रतिपिंडे आहेत हे जवळजवळ निश्चित होते.

या आजारात अशी प्रतिपिंडे प्रामुख्याने तीन आहेत आणि एका रुग्णात सहसा त्यांपैकी एकच सापडते. सेंट्रोमिअरवाल्यांची त्वचा मर्यादित भागात कडक होते, पण पुढे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा धोका असतो. एससीएल-७० या केंद्रकातल्या प्रथिनाविरुद्धची असतील तर फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर, म्हणजे ते कडक होत जाण्यावर, डोळा ठेवावा लागतो. आरएनए पॉलिमरेज-३ या विकराविरुद्धची असतील तर त्वचा झपाट्याने जाड होते आणि मूत्रपिंडे अचानक धोक्यात येऊ शकतात. २०१३च्या निदाननिकषांत निश्चित निदानासाठी ९ गुण लागतात आणि त्यांत या प्रतिपिंडांना ३ गुण आहेत.

परवा एका तरुण रुग्णाचे वडील रिपोर्ट हातात धरून विचारत होते, "मॅडम, एवढं ट्रान्सप्लांट केलं, तरी एससीएल-७० पॉझिटिव्हच कसं?" हा प्रश्न मला पूर्वीही विचारला गेला आहे आणि त्यामागची निराशा समजण्यासारखी आहे.

मुळात या आजारावरच्या मूलपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपणात रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी वापरतात. औषधे देऊन त्या अस्थिमज्जेतून रक्तात उतरवतात, गोळा करून गोठवतात, मग सायक्लोफॉस्फमाइडचे मोठे डोस आणि लिम्फोसाइट नष्ट करणारी प्रतिपिंडे देऊन बिघडलेली प्रतिकारयंत्रणा मोडतात आणि साठवलेल्या पेशी परत देतात. खरे औषध म्हणजे ती जालीम केमोथेरपी; मूलपेशी मज्जेला पुन्हा उभे करण्यासाठी असतात. (गुडघेदुखीपासून टक्कलापर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल'ची इंजेक्शने विकणाऱ्या जाहिरातींशी याचा काडीचा संबंध नाही.)

परंतु प्रतिपिंडे तयार करणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी मज्जेत निवांत बसलेल्या असतात. त्या विभाजित होत नाहीत आणि केमोथेरपीचा मारा मुख्यतः विभाजित होणाऱ्या पेशींवर असल्यामुळे त्यांतल्या बऱ्याच वाचतात. म्हणून प्रतिपिंडांची पातळी उतरली, तरी अनेकांचा रिपोर्ट पॉझिटिव्हच राहतो, आणि त्याच वेळी त्वचा मऊ होत असते. ही प्रतिपिंडे आजार घडवतात की त्याची केवळ खूण असतात, याचा निवाडाही झालेला नाही. २००६ साली पेशींना थेट चेतवणाऱ्या, पीडीजीएफ रिसेप्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांचा दावा गाजला होता, पण इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही.

उपचाराचा लाभ मोजायचा तो अन्यत्र. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अ‍ॅस्टिस चाचणीत १५६ रुग्ण होते. प्रत्यारोपणाच्या गटातल्या ७९पैकी ८ जण उपचारामुळेच दगावले, तरीही दीर्घकाळात त्या गटाचे जगण्याचे प्रमाण सरस ठरले. २०१८च्या अमेरिकेतल्या स्कॉट चाचणीत ५४ महिन्यांनंतर मृत्यू किंवा अवयव निकामी होण्यासारख्या गंभीर घटनेविना असलेले रुग्ण प्रत्यारोपणाच्या गटात ७९ टक्के, तर दुसऱ्या गटात ५० टक्के होते. हृदयाची कसून तपासणी झाल्याशिवाय रुग्णाला या वाटेवर नेऊ नये, हे मात्र आता सर्वमान्य आहे.

म्हणून प्रत्यारोपणानंतर दर काही महिन्यांनी एससीएल-७०ची चिठ्ठी आली की मला ते पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. त्यापेक्षा सतरा ठिकाणची त्वचा चिमटीत धरून काढलेला रॉडनन स्कोअर आणि फुप्फुसाची क्षमता मोजणारी पीएफटी यांतून कितीतरी अधिक कळते. त्या वडिलांनाही मी पीएफटीचाच कागद शोधायला सांगितला.

आता जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी कार-टी पेशींचा, म्हणजे ठरावीक पेशींना मारण्यासाठी बदललेल्या रुग्णाच्याच टी पेशींचा, प्रयोग केला आहे. २०२४मध्ये त्यांनी मांडलेल्या १५ रुग्णांपैकी ४ सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे होते. त्या पेशी पृष्ठभागावर सीडी-१९ हे प्रथिन असलेल्या बी पेशींना लक्ष्य करतात, आणि बहुतेक दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींवर सीडी-१९ नसतेच; त्यामुळे पॉझिटिव्ह रिपोर्टचा हा प्रश्न तिथेही उभा राहू शकतो.