फुटरमधली क्रेडिट लिंक टिकवायची तर

क्लायंटच्या साइटच्या फुटरमधली, म्हणजे पानाच्या तळपट्टीतली, ‘डिझाइन व डेव्हलपमेंट : अमुक’ ही आपल्या नावाची ओळ गायब झाली की पहिला संशय क्लायंटवर जातो. आधी थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा फाईलींचा संच, तपासा. वर्डप्रेसमध्ये ओळ थेट थीमच्या फुटर.पीएचपीत लिहिली असेल, तर थीम अपडेट होताना ती फाईलच बदलली जाते. चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आपले बदल वेगळे ठेवणाऱ्या जोड-थीममध्ये, लिहिलेली ओळ अपडेटमधून वाचते, पण थीम बदलली की तीही जाते.

दोन्हींतून तगणारी जागा म्हणजे डब्ल्यूपी-कंटेंटमधला एमयू-प्लगइन्स फोल्डर. नसेल तर स्वतः तयार करा आणि पीएचपी फाईल थेट त्यातच ठेवा. सबफोल्डरमधली फाईल वर्डप्रेस आपणहून उचलत नाही. फाईलमध्ये डब्ल्यूपी_फुटर हुकवर (पान तयार होताना आपला कोड जोडण्याची ठरलेली जागा) पाच-सात ओळींचं फंक्शन पुरतं. डॅशबोर्डवर हा प्लगइन ‘मस्ट-यूज’ खाली दिसतो, पण तिथून बंद करता येत नाही. म्हणूनच त्याची माहिती क्लायंटला हँडओव्हरच्या वेळीच द्या.

इथे हमखास एक घोळ होतो. हा हुक सहसा बॉडी टॅग बंद होण्याच्या जरा आधी, म्हणजे थीमच्या फुटरबाहेर चालतो. मग गडद निळ्या फुटरखाली पांढरी पट्टी येते आणि तिच्यात डावीकडे चिकटलेली आपली ओळ. अशी ओळ कुणीही काढायलाच सांगेल. पट्टीला फुटरचाच रंग द्या, मजकूर मध्यभागी, अक्षर १३ पिक्सेल, वरखाली १० पिक्सेल पॅडिंग. मोबाइलवर तळाशी व्हॉट्सॲप किंवा कॉलची पट्टी चिकटलेली असेल, तर तिच्या उंचीइतकी जागा खाली सोडा. मग कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) साफ करून पाहा.

बेस६४मध्ये (सहज वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) दडवलेला कोड किंवा लिंक काढताच साइट बंद पाडणारी युक्ती मुळीच वापरू नका. सिक्युरिटी स्कॅनर असा कोड मालवेअर म्हणून पकडतात. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रणेत अडथळा आणणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३मध्ये येतं. आणि हा विश्वासघात आहे, हे कायद्याआधी.

लिंक फक्त होमपेजवर, नोफॉलो (ही लिंक क्रमवारीसाठी धरू नका, असं सर्च इंजिनला सांगणारी खूण) लावून आणि फर्मच्या नावानेच द्या. अनेक साइट्सच्या फुटरमध्ये पसरलेल्या लिंक गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी नोंदलेल्या आहेत. ‘वेबसाइट डिझाइन पुणे’ असले शब्द लिंकवर चढवले तर ते क्लायंटलाही नडू शकतं.

कॉपीराइट कायदा १९५७चं कलम ५७ कर्तृत्व सांगण्याचा हक्क देतं, फुटरमधल्या जागेचा त्यात उल्लेख नाही. ती जागा कोटेशनमध्येच मागून घ्या : ओळीचा नेमका मजकूर, कुठल्या पानावर, काढण्याआधी १५ दिवसांची सूचना, आणि क्रेडिटशिवाय काम हवं असल्यास वेगळा दर. आणखी एक कलम स्वतःवर घाला. आपलं डोमेन रिन्यू करायचं राहिलं आणि ते दुसऱ्याने घेतलं, तर सगळ्या क्लायंटच्या होमपेजवरून लिंक एखाद्या जुगाराच्या साइटवर जाईल. तसं झाल्यास क्लायंटने न विचारता लिंक काढावी, असं करारात लिहून द्या.