मशीनचा आकडा आणि काचेवरचं रक्त

इंदूरच्या पावसाळ्यात प्लेटलेट घटले की रामबागेपासून राजवाड्यापर्यंत एकच निदान: डेंगू! आज लॅबमध्येही तेच. अहो, डेंगूत प्लेटलेट साधारण आठवडा-दहा दिवसांत सावरतात. ताप महिनोन्महिने येतोय, हिरड्यांतून रक्त, हिमोग्लोबिनही खाली, तर ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, शंका घ्या; नुसत्या सीबीसीवर (मशीनने केलेल्या रक्तपेशींच्या मोजणीवर) थांबू नका. पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, मागा. मशीन कधीकधी ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व रक्तपेशी, लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट या नेहमीच्या पांढऱ्या पेशी म्हणून मोजून मोकळं होतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रक्ताची स्लाइड दोनेक तासांत करावी, उशीर झाला की पेशींचं रूप बिघडतं. त्याआधी कुणी स्टेरॉइड दिलं असेल तर ब्लास्ट तात्पुरते घटतात, निदान हुकतं. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ४,००० ते ११,०००, म्हणजे नॉर्मल, असल्या तरी ल्युकेमिया असू शकतो. पक्कं कळतं कमरेच्या हाडातल्या मज्जेवरून: ब्लास्ट २० टक्के किंवा जास्त, म्हणजे अक्यूट (झपाट्याने वाढणारा) ल्युकेमिया.