वीरगळ नोंदवही: सतरावा दगड आणि हिरवा ऑइल पेंट

सोलापूरच्या आसपासचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, शोधून वहीत नोंदवतोय. मागच्या वेळी बारा दगडांवर थांबलो होतो. दीड महिन्यात पाचच वाढले. दोन रविवार गड्ड्याने, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेने खाल्ले. नंदीध्वज अडुसष्ट लिंगांकडे निघाले की सोलापूरकराकडून दुसरं काम होत नाही. एक रविवार टायर फुटल्यामुळे गेला.

तेरा ते सोळा नेहमीचेच: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. चौदाव्यात खालच्या चौकटीत गाई आहेत, म्हणजे गोधन राखताना पडलेला वीर. पंधरावा गोठ्याच्या भिंतीत आडवा बसवलाय, निम्माच दिसतो. जेवढा दिसला तेवढा मोजला.

सतराव्याने मात्र घाम काढला. दक्षिण सोलापुरातल्या एका गावात मारुतीच्या देवळामागे तो उभा आहे. गावाने भक्तीने हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर दिलेत. दुपारी फोटो काढले, टेपने मापं घेतली, वहीत ‘लेख नाही’, म्हणजे कोरलेली अक्षरं नाहीत, असं लिहून निघालो. तेवढ्यात दिवा-वातीचं सामान घेऊन आलेल्या आज्जी म्हणाल्या, "दिवसा काय दिसतंय लेकरा? दिवा लावल्यावर ये की. अक्षरं दिसतात."

बाजूने उजेड पाडला की उथळ अक्षरांच्या सावल्या उठतात; आपण हे तिरप्या प्रकाशाचं तंत्र म्हणून मिरवतो, ते आज्जी रोज संध्याकाळी तेल-वातीवर करतात!

पुढच्या शनिवारी रात्री आठला गेलो. मोबाईल ट्रायपॉडवर, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, आठ बाजूंनी आठ फोटो. खालच्या दोन चौकटींमधल्या आडव्या पट्टीवर दोन ओळी उमटल्या. वळण गोलसर, हळेकन्नड म्हणजे जुनं कन्नड. आपल्या भागात यात नवल नाही, जुने लेख बरेचसे कन्नडच. मला ती लिपी येत नाही. वाचणाऱ्या मित्राला फोटो पाठवले, त्याला सुरुवातीचं ‘स्वस्ति श्री’ लागलं. पुढचं रंगाने बुजलंय.

शेजारचे अण्णा उत्साहात, "थिनर आणू का? तारेच्या ब्रशने घासलं की निघतंय ओ!" हात जोडले. रंगाबरोबर दगडाचा पापुद्रा निघाला तर अक्षरंही जातील. ते काम जाणकार संवर्धकाचं. अक्षरांचा कागदावर ठसाही घेतला नाही, कारण ओला कागद ब्रशने ठोकून बसवावा लागतो आणि खालचा रंग आधीच सुटत चाललाय. हनुमान जयंतीला नवा हात देताना तेवढी पट्टी सोडा, एवढंच मागितलं. "बघू," म्हणाले. ‘नाही’ म्हणाले नाहीत, हेच पुष्कळ.

घरी येऊन आधीच्या सोळा नोंदी उघडल्या. बारा ठिकाणी मी ठणठणीत ‘लेख नाही’ लिहिलंय आणि सगळं भर दुपारी बघून! आता तिथे ‘दिवसा दिसला नाही’ असं केलं. ज्या तालुक्यात हत्तरसंग-कुडलचा शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे, ज्या शहरात आनंद कुंभारांनी उभं आयुष्य शिलालेखांच्या मागे घातलं, तिथे हा आळस शोभत नाही.

पुढच्या अमावास्येला तीन, आठ आणि अकरा नंबर रात्री परत बघणार. त्याआधी आज्जींकडे एक चक्कर मारायची आहे. आणखी कुठल्या दगडावर दिव्याला अक्षरं दिसतात, हे त्यांना विचारायचंच राहिलं.