परत इथेच सोडणार!

आज गल्लीत नसबंदीची गाडी आली. बाकीची कुत्री पटापट जाळीत सापडली. काळीने मात्र सगळ्यांची दमछाक केली. शेवटी टपरीवाल्या मावशींनी ग्लुकोजचं बिस्कीट दाखवलं, तेव्हा कुठे बाईसाहेब आल्या.

आमचे एक काका जाम खूश. "चला, ब्याद टळली!" म्हटलं, काका, परत इथेच सोडणार आहेत. चेहरा पाहण्यासारखा झाला! पण २०२३ चे एबीसी (म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे) नियम तेच सांगतात: नसबंदी, रेबीजची लस, ओळखीसाठी कानाला खाच आणि जिथून उचललं तिथेच परत. गल्ली रिकामी केली तर बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतातच. कचरा आपणच टाकतो ना उघड्यावर! (पिसाळलेलं कुत्रं मात्र परत सोडत नाहीत.)

काकांची भीतीही खोटी नाही, नातवाला चावलं होतं मागे. घरच्यांनी आधी हळद दाबली होती, म्हणे. अहो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि तडक लस घ्यायला जा!

पलीकडच्या गल्लीसाठी अर्ज लिहिलाय. काका सहीबद्दल 'बघू' म्हणालेत.